घाटात तुटलेला सांधा

मोटारगाडी कशाने चालते, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'एंजिनाने' असे उत्तर देतील. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. एंजिन बसते बॉनेटखाली आणि रस्त्याला टेकतात ती चाके. या दोहोंमध्ये काही हातांचे अंतर असते. एंजिनात निर्माण झालेली शक्ती हे अंतर ओलांडून चाकांपर्यंत पोचली नाही, तर एंजिन कितीही घुमले तरी गाडी जागची हलणार नाही. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पाट फुटला आहे, अशा शेतासारखी तिची अवस्था होते. या पाटाची ओळख नसलेला मनुष्य गाडी थांबली की एंजिनाकडे धावतो आणि बॉनेट उघडून उगाच तारा चाचपीत बसतो.

सामान्य मोटारीत ही शक्ती दोन चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात किंवा वाळूत फिरू लागली, म्हणजे उरलेल्या दोन चाकांचा काही उपयोग होत नाही. म्हणून चारही चाकांना शक्ती द्यावी, ही कल्पना पुढे आली. हॉलंडमधील स्पायकर बंधूंच्या कारखान्याने १९०३ साली पेट्रोलवर चालणारी अशी एक मोटार तयार केली. परंतु या जातीच्या गाडीची खरी ख्याती झाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, काटक आणि कोणत्याही भूमीवरून जाणारी गाडी हवी होती. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने बॅन्टम कंपनीसाठी तिचा आराखडा अवघ्या काही दिवसांत काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी सैन्याच्या हॉलाबर्ड येथील तळावर दाखल झाली. पुढे विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी मिळून तशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. हीच ती जीप. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जीपची जुळणी होऊ लागली आणि मामलेदार, गटविकास अधिकारी, डॉक्टर यांच्याबरोबर ती महाराष्ट्राच्या आडवाटांना पोचली. जेथे बैलगाडीखेरीज दुसरे वाहन कधी दिसले नव्हते, अशा कित्येक वाड्यांनी पाहिलेली पहिली मोटार म्हणजे जीपच होय.

आता या जीपच्या पोटाखाली थोडे डोकावू या. एंजिनामागे क्लच, क्लचमागे गिअरपेटी, आणि गिअरपेटीला चिकटून आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. आपण तिला वाटपेटी म्हणू. कारण आलेल्या शक्तीचे वाटप करणे हेच तिचे काम. या पेटीतून दोन पोलादी दांडे निघतात. एक मागच्या आसाकडे जातो, दुसरा पुढच्या आसाकडे. चालक या दांड्यांना 'शाफ्ट' किंवा 'प्रोपेलर शाफ्ट' म्हणतात. नेहमीच्या पक्क्या रस्त्यावर फक्त मागचा दांडा काम करतो. वाट बिकट झाली, की चालक गिअरजवळची दुसरी दांडी ओढतो आणि पुढचा दांडाही कामाला लागतो. मग चारही चाके गाडी ओढू लागतात.

मग चारही चाके सदैव का चालवू नयेत? याचे कारण वळणात आहे. वळण घेताना पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून. जीपमध्ये पुढचा व मागचा दांडा एकदा जोडला, की दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. चिखलात चाके थोडी घसरतात आणि ही तफावत भरून निघते. डांबरी रस्त्यावर ती भरून निघत नाही. टायर खरवडले जातात आणि दांड्यांत पीळ भरतो. म्हणून जाणता चालक पक्का रस्ता लागताच चार चाकांची दांडी सोडून देतो.

दांडा पोलादाचा असला तरी दोन्ही टोकांना तो घट्ट जखडून चालत नाही. मागचा आस स्प्रिंगांवर वरखाली होत असतो, वाटपेटी मात्र आपल्या जागी स्थिर असते. म्हणून दांड्याच्या प्रत्येक टोकाला एक सांधा असतो. माणसाच्या मनगटाप्रमाणे तो कोणत्याही दिशेला वाकतो, आणि वाकलेला असतानाही फिरणे पुढे पोचवतो. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात अशा सांध्याचा अभ्यास केला. मोटारीला उपयोगी पडेल असे त्याचे रूप अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर याने सिद्ध केले आणि १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. या सांध्याच्या मध्यभागी अधिक चिन्हासारखा, तळहातावर मावेल एवढा एक तुकडा असतो. गॅरेजात त्याला 'क्रॉस' म्हणतात. त्याच्या चारही भुजांवर लहान वाट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक वाटीत सुईसारखे बारीक पोलादी रूळ असतात. हे रूळ ग्रीसवर जगतात. ग्रीस सुकले, किंवा ओढा ओलांडताना पाणी आत शिरले, की ते गंजतात, झिजतात आणि भुजेला खाऊ लागतात. अर्ध्या गावाला ओढून नेणारी गाडी अशा वितीएवढ्याही नसलेल्या तुकड्यावर अवलंबून असते.

हा तुकडा तुटला म्हणजे काय होते, हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे.

१९९१ च्या मे महिन्यातली गोष्ट. भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंधा घाटाच्या माथ्याकडील एका वाडीत काही कामासाठी गेलो होतो. दिवस मावळायच्या सुमारास आठ वर्षांच्या एका मुलाला विंचू चावला. लाल विंचू होता. त्याचा दंश लहान मुलाच्या हृदयावर घाला घालतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर प्राणावर बेतते. मुलाला दरदरून घाम सुटला होता आणि त्याचे हात गार पडत चालले होते. महाडला या दंशावर चांगले उपचार होतात, हे तोपर्यंत त्या भागात सर्वांना ठाऊक झाले होते. वाडीत एकाची भाड्याची जुनी जीप होती. चालक पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी प्रश्न न विचारता किल्ली घेतली. मुलाला मांडीवर घेऊन त्याचे वडील मागे बसले, मी चालकाशेजारी बसलो.

घाट उतरताना चालकांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर गाडीखाली मोठा आवाज झाला, लोखंडावर लोखंड आपटावे तसा, आणि पाठोपाठ खडखडाट सुरू झाला. त्याच क्षणी जीपने पुढे उसळी घेतली. एंजिनाचा गुरगुरणारा आवाज एकदम मवाळ झाला. इतका वेळ एंजिन गाडीला मागे ओढून धरत होते, तो आधार सुटला होता. चालकांनी ब्रेकवर पाय ठेवला. पण तो दणकन दाबला नाही. दाबत, किंचित सोडत, पुन्हा दाबत त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबवली.

मला वाटले, आता ते खाली उतरून काय झाले ते पाहतील. ते जागचे हलले नाहीत.

"गुरुजी," ते शांतपणे म्हणाले, "पोराला घेऊन सगळे डोंगराच्या अंगाने उतरा. मग चारी चाकांच्या पुढं मोठे दगड लावा. माझा पाय ब्रेकवर आहे, तो मला काढता यायचा नाही."

"हँडब्रेक आहे ना, काका?" मुलाच्या वडिलांनी विचारले.

"हँडब्रेक आता नावाला आहे, भाऊ. दगड बघा आधी."

त्या वेळी त्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही, पण दगड लावण्यात आम्ही वेळ दवडला नाही. घाटात दगडांना तोटा नसतो. चारही चाकांपुढे धोंडे नीट बसल्यावर चालकांनी पाय हळूहळू सैल केला. जीप बोटभर सरकली, दगडांवर टेकली आणि स्थिरावली. मगच ते खाली उतरले.

हँडब्रेक नावाला का उरला होता, हे समजण्यासारखे आहे. आपण पाहतो त्या बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. जुन्या जीपची रचना निराळी. तिच्यात तो चाकांना धरत नाही, वाटपेटीतून मागे निघणाऱ्या दांड्याच्या मुळाशी बसवलेल्या गोल डब्याला धरतो. दांडा धड असेल तर डबा थांबला की दांडा थांबतो आणि दांडा थांबला की मागची चाके थांबतात. दांडाच तुटला, तर हँडब्रेक ओढून डबा तेवढा थांबेल. चाके मोकळीच राहतील. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्याचाही त्याच कारणाने उपयोग नाही. त्या क्षणी त्या उतारावर जीपला धरून ठेवणारी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे चालकाचा उजवा पाय. बिघाड कोणता आहे हे त्यांनी आवाजावरून आणि उसळीवरून ओळखले होते. त्यावरून आता काय काय निकामी झाले असेल याचा हिशेब त्यांनी बसल्या जागी केला होता.

बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा मागच्या आसाजवळचा सांधा तुटलेला दिसला. दांड्याचे मागचे टोक खाली लोंबत होते. तरी हे बरे झाले. दांड्याचे पुढचे टोक तुटून खाली पडले असते आणि चालत्या गाडीत रस्त्यात रुतले असते, तर काठीवर तोलून उडी घेणाऱ्या खेळाडूप्रमाणे गाडीचा मागचा भाग उचलला गेला असता. गाडीखालून एकाएकी असा खडखडाट आला, तर आणखी थोडे पुढे जाऊन पाहू, असे कधीही म्हणू नये, ते यासाठीच.

"आता हो काका?" मुलाचे वडील रडकुंडीला आले होते. रस्त्यावर दुसरे वाहन दिसत नव्हते.

"पुढचा शाफ्ट शाबूत आहे," चालक म्हणाले. "पुढची दोन चाकं नेतील आपल्याला."

त्यांनी पाने काढले, पाठीवर आडवे झाले आणि जीपखाली सरकले. जॅकला त्यांनी हातही लावला नाही. त्या कामासाठी गाडी उचलण्याची गरज नव्हती आणि उतारावर जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे हा आत्मघात होय. शेजारचा सायलेन्सर तापलेला होता, म्हणून त्यांनी अंगातला सदरा हाताला गुंडाळला. गंजलेले बोल्ट सहजी सुटेनात. एकावर पाना घसरून त्यांचे बोट सोलवटले. मी बॅटरी धरली होती आणि सुटलेला प्रत्येक बोल्ट रुमालात बांधून ठेवीत होतो. अर्ध्या तासाने संपूर्ण दांडा बाहेर निघाला. त्यांनी तो जीपमध्ये ठेवला.

आता चार चाकांची दांडी ओढली की काम झाले, असे मला वाटले. परंतु चालक पुढच्या चाकांपाशी जाऊन बसले. त्या जीपच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवण्याच्या चकत्या होत्या. त्यांना फ्री व्हील हब म्हणतात. नेहमीच्या प्रवासात पुढचा आस विनाकारण फिरू नये, म्हणून या चकत्या फिरवून चाके आसापासून सोडवून ठेवतात. त्या सोडलेल्या असतील तर दांडी ओढूनही शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही. चालकांनी दोन्ही चकत्या फिरवून चाके आसाला जोडली. मग त्यांनी चार चाकांची दांडी ओढली, पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक लावला. आम्हाला दगड काढू देण्याआधी त्यांनी एकट्याने गाडीत बसून, एक पाय ब्रेकवर तयार ठेवून, एकेक दगड काढवून घेतला. जीप किंचित पुढे झुकली आणि थबकली. वाटपेटीत पुढचा आणि मागचा भाग आता जोडलेला होता, त्यामुळे तोच निकामी हँडब्रेक पुढच्या दांड्यामार्फत पुढच्या चाकांना धरू लागला होता. तेव्हाच त्यांनी आम्हाला आत बसायला सांगितले.

उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये उतरलो. एंजिनाचे गुरगुरणे पुन्हा ऐकू येऊ लागले आणि ते मला कोणत्याही गाण्यापेक्षा गोड वाटले. सपाटीला लागल्यावरही चालकांनी वेग वाढवला नाही, जोराने ॲक्सिलरेटर दाबला नाही. दोन दांड्यांमध्ये विभागला जाणारा भार आता एकट्या पुढच्या दांड्यावर आणि पुढच्या चाकांजवळच्या सांध्यांवर होता. ती चाके वळतातही आणि ओढतातही. त्यांचे सांधे अधिक नाजूक. तेथेही एक तुकडा तुटला असता, तर मात्र तिसरी वाट नव्हती. मुलाचे वडील दोनदा "जरा जोरात घ्या ना, काका" म्हणाले. चालकांनी दोन्ही वेळा "पोचवतो, भाऊ" एवढेच उत्तर दिले. रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही दवाखान्यात पोचलो. तिसऱ्या दिवशी मुलगा वाडीत परत आला.

सर्वच गाड्यांत हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. काही गाड्यांत चारही चाके कायमची जोडलेली असतात आणि पुढच्या व मागच्या दांड्यांमध्ये आणखी एक डिफरन्शियल असतो. १९७० साली आलेली रेंज रोव्हर आणि १९७७ पासून रशियात बनणारी निवा या त्या जातीच्या गाड्या होत. यांच्यातला एक दांडा तुटला, तर सगळी शक्ती त्या मोकळ्या बाजूला वाहून जाते आणि धड असलेला दांडा जागचा हलत नाही. अशा वेळी मधला डिफरन्शियल जखडण्याची कळ दाबावी लागते. आणखी काही गाड्यांत दांड्याचे पुढचे टोक वाटपेटीच्या आत शिरलेले असते. ते बाहेर ओढले, की त्या छिद्रातून पेटीतील तेल वाहून जाते आणि कोरडी पेटी काही मैलांत जळते. तेथे दांडा काढण्यापूर्वी छिद्र बंद करण्याची सोय पाहावी लागते. अलीकडच्या अनेक गाड्यांत तर ही जोडणी विजेच्या कळींवर चालते आणि पाना-पकडीला तेथे फारसा वाव उरलेला नाही. आपल्या गाडीची रचना कोणती, हे घाटात शिकण्याची वेळ येऊ नये. घरी, दिवसाउजेडी, गाडीसोबत आलेले पुस्तक उघडून ते पाहता येते.

पुढचीच चाके ओढीत असताना चढ लागला, तर एक गंमत अनुभवास येते. चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांकडे कलते, पुढची चाके हलकी होतात आणि जागीच फिरू लागतात. लहानसा चढ असेल तर अनुभवी चालक गाडी फिरवून उलट्या गिअरमध्ये चढवतो. मग ओढणारी चाके उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडते. हे काम अर्थात रुंद रस्त्यावर, दिवसा आणि मागे उभे राहून खुणा करणारा माणूस असेल तेव्हाच करावे.

घाटातला दुसरा मोठा धोका ब्रेकचा. तो बहुधा एकाएकी येतो असे दिसते, पण त्याची तयारी बराच वेळ चाललेली असते. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला, की ब्रेक तापतात. उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोचते, तेल उकळते आणि त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पेडल एकदम खाली जाते आणि गाडी थांबत नाही. जो घाट ज्या गिअरमध्ये चढावा, तो त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने चालक सांगत, त्यामागचे शास्त्र हे. तरीही पेडल खाली गेलेच, तर ते पुन्हा पुन्हा भराभर दाबावे, एकेक गिअर उतरवीत एंजिनाला गाडी ओढून धरू द्यावी, हँडब्रेक थोडाथोडा ओढावा, आणि काहीच न चालल्यास गाडी डोंगराच्या कडेला घासत न्यावी. पत्रा चेपला तर ठोकून सरळ करता येतो. क्लच दाबून किंवा गिअर काढून गाडी मोकळी सोडणे हे मात्र सर्वांत घातक. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाडच्या एका गॅरेजात नवा क्रॉस बसवून घेताना चालकांनी तुटलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. त्याच्या दोन भुजा आरशासारख्या गुळगुळीत होत्या. तिसरी तांबूस पडली होती. चौथीवर सुयांच्या रुळांनी खोल चरे पाडले होते आणि ती मुळापासून तुटली होती. त्या वाटीत ग्रीसचा थेंब नव्हता, नुसता तांबडा भुगा होता. गॅरेजवाल्याने सांगितले, की असा सांधा तुटण्यापूर्वी कित्येक दिवस बोलत असतो. गाडी सुरू करून क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज येतो. वेग वाढला की गाडीच्या तळाशी बारीक थरथर जाणवते. गाडी सपाटीवर उभी करून, चाकांना दगड लावून, खाली हात घालून दांडा डावी-उजवीकडे पिळून पाहावा. सांध्यापाशी तो जराही ढिला लागला, तर क्रॉस बदलायला झाला आहे. या तपासणीला पाच मिनिटेदेखील लागत नाहीत.

अभ्यास

१. जीपमधील वाटपेटीचे काम कोणते? पक्क्या रस्त्यावर चारही चाके का जोडू नयेत?
२. "हँडब्रेक आता नावाला आहे," असे चालक का म्हणाले? पुढे तोच हँडब्रेक उपयोगी कसा पडला?
३. मुलाचे वडील घाई करीत असताना चालकांनी वेग का वाढवला नाही? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते, ते दहा ओळींत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : प्राणावर बेतणे, रडकुंडीला येणे, वेळ दवडणे, शाबूत असणे.
५. सायकलच्या पेडलपासून मागच्या चाकापर्यंत शक्ती कशी पोचते, ते निरीक्षण करून आकृतीसह लिहा.